सावडीचा हात

कंपनीत त्याचं नाव रंगनाथ, गावात बारकू. माझ्या बसमध्ये तो माझ्या पाठीमागच्या पहिल्या सीटवर खिडकीशी बसायचा आणि मी त्याला कुठल्याच नावानं हाक मारत नसे. "चला" म्हटलं की चढायचा, "आलं" म्हटलं की उतरायचा. आठ-नऊ वर्षं आमचं असं बरं चाललं.

बस माझी नाही आणि कंपनीचीही नाही. ठेकेदाराची आहे, अंगावर नाव तेवढं कंपनीचं. मी धनराज, राहणार नाशिकरोड. सकाळी घोटीहून माणसं भरायची, हायवेनं निम्मी गोंद्याच्या कारखान्यात उतरवायची, उरलेली अंबडच्या गोदामावर न्यायची आणि संध्याकाळी तीच माणसं, जरा चुरगळलेली, परत आणायची. आमचीही जमीन होती, चेहेडीकडे. तिथं आता इमारती आहेत आणि तळमजल्याला एक मोबाइलचं दुकान आहे. त्या दुकानातून मी रिचार्जही करून घेतो. मला काही होत नाही. काही लोकांना वाटतं, व्हायला पाहिजे. म्हणून आधीच सांगून ठेवतो, मला हुंदके देता येत नाहीत आणि ज्याच्याबद्दल सांगतोय त्यालाही येत नव्हते.

बारकू खातळे मोगरवाडीचा. हायवेच्या डाव्या हाताला फाटा आहे आणि फाट्याच्या थोडं पुढे, रस्त्याला लागूनच, त्याची भातखाचरं. खरा रंगनाथ त्याच गावातला, भावकीतलाच, सहा-सात वर्षांनी मोठा. त्याचं शेत रस्त्याच्या उजव्या हाताला, जरा आत होतं. कारखान्यासाठी जमिनी घेतल्या तेव्हा उजवीकडच्या सगळ्या गेल्या आणि डावीकडच्या राहिल्या. नकाशावर रेघ ओढणाऱ्याचा तेवढ्यात चहा आला असावा. जमीन गेलेल्या घरातल्या एकाला नोकरी द्यायची असं ठरलं होतं, ते पाळलं गेलं. रंगनाथ कारखान्यात कायम झाला, पत्र्याचे भाग कापणाऱ्या प्रेसवर. ती प्रेस आपल्याच विहिरीच्या जागेवर उभी आहे, असं तो सांगायचा. विहीर बुजवली तरी तिथली जमीन खचत राहायची आणि दर पावसाळ्यात प्रेसच्या पायाखाली पत्र्याचे तुकडे सारून ती सरळ करावी लागायची. सगळ्या शॉपमध्ये तेवढं एकच मशीन कुरकुरायचं, आणि रंगनाथ ते सोडून दुसऱ्या मशीनवर जायला तयार नसायचा.

म्हणजे एकाकडे नोकरी होती आणि शेत नव्हतं. दुसऱ्याकडे शेत होतं आणि नोकरी नव्हती. इथपर्यंत अशी माणसं आमच्या भागात पोत्यानं सापडतील.

आता सावड सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. भाताची रोपं वाफ्यात वाढली की ती उपटून, जुड्या बांधून, चिखलात लावत जायची, ही आवणी. हे काम थांबत नाही. रोप वाफ्यातच म्हातारं झालं तर पीक बसतं. आणि एका घराच्यानं ते उरकतही नाही. म्हणून आज सगळे माझ्या रानात, उद्या सगळे तुझ्या. पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचे नाहीत. ज्याचं रान त्यानं राबणाऱ्यांना जेवू घालायचं, आणि सगळे जेवले की शेवटी आपण जेवायचं. आणि घेतलेला हात फेडायचा. माणूस आजारी असला तर त्याचा भाऊ येईल, भाऊ नसला तर बायको येईल, पण हात आला पाहिजे. सावडीत माणसं मोजत नाहीत, हात मोजतात. कारखान्यातही तेच असतं म्हणा, फक्त तिथं जेवायला कॅन्टीनचं कूपन लागतं.

रंगनाथ कायम झाला, त्याच्या घरात फ्रिज आला, मोटारसायकल आली, पण आवणी आली की त्याचं लक्ष प्रेसवर लागत नसे. सुट्टी काढून तो बारकूच्या खाचरात उतरायचा. सगुणाबाई, त्याची बायको, म्हणायची की ह्यांना पगार द्या नाहीतर देऊ नका, चिखल तेवढा द्या. बारकूला मात्र वेगळीच पंचाईत होती.

"रंगूदादा, तुझा हात मी घेतो, पन फेडू कुठं?" त्यानं एकदा विचारलं. "तुझं रान तं कंपनीखाली."

"मंग कंपनीतच फेड," रंगनाथ म्हणाला.

थट्टेत म्हणाला होता. पण पुढच्या पावसाळ्यात त्याला सुट्टी मिळाली नाही, आणि थट्टा उपयोगी पडली. बारकू रंगनाथचा निळा युनिफॉर्म घालून, त्याचं कार्ड पंच करून, त्याच्या प्रेसवर उभा राहिला, आणि रंगनाथ दिवसभर बारकूच्या खाचरात वाकला. त्यांचा सुपरवायझर ज्ञानेश म्हणून होता. त्यानं बघितलं. "मला प्रेसवर माणूस दिसला पाहिजे," तो म्हणाला. "कोणता, ते तुमचं तुम्ही बघा." आवणीच्या दिवसांत निम्मी खेडी गैरहजर राहतात, त्याला बारकू म्हणजे देवानंच धाडलेला. मग दर पावसाळ्यात एखाद-दोन दिवस हे चालू झालं. बारकूला युनिफॉर्म ढगळ व्हायचा. गावात कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. हात घेतला होता, हात फेडला.

मला हे कळलं तेव्हा मी डोक्याला हात लावला. पण मला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन हात दोन बटणांवर असतील तरच प्रेस खाली येणार, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. सोय चांगली होती. माल जास्त निघावा म्हणून एक बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं असायचं. बारकूला ते सांगितलेलं होतं आणि ते त्याच्या लक्षातही होतं. पण आवणी करणाऱ्या माणसाचे दोन्ही हात एकदम चालतात. डाव्या हातात जुडी, त्यातल्या काड्या अंगठ्यानं पुढे सारायच्या, आणि उजव्यानं त्या घेऊन चिखलात खोवायच्या. एक हात थांबवून दुसरा चालवणं जमतच नाही. आदल्या दिवशी तो दिवसभर तेच करत होता. पत्रा जरा तिरका बसला म्हणून तो सरळ करायला उजवा हात आत गेला, आणि त्याच वेळी डावा हात आपलं काम करायला बटणावर गेला. अंगठ्याशेजारची तीन बोटं गेली. रंगनाथला ही चूक कधीच झाली नसती, कारण त्याचे हात एव्हाना कारखान्याचे झाले होते.

जीपमध्ये ज्ञानेशनं त्याच्या हाताला टॉवेल गुंडाळला आणि विचारलं, "दवाखान्यात नाव विचारतील. काय सांगशील?"

"बारकू."

"बारकू आज कामावर नव्हता. बारकूला कंपनी ओळखत नाही. तू बारकू म्हणालास तर तुला काही मिळणार नाही, वर रंगनाथची नोकरी जाईल. माझीही."

दवाखान्यात नर्सनं नाव विचारलं तेव्हा बारकू म्हणाला, "रंगनाथ." त्यानंतर नाव विचारलं की त्याच्या तोंडून तेच येत गेलं.

संध्याकाळी रंगनाथ आला. पोटऱ्यांना चिखल तसाच होता, बारकूच्याच रानातला. त्यानं पलंगाकडे पाहिलं, पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाला, "एक खाचर राह्यलं तुझं. उद्या उरकतो."

बारकू म्हणाला, "माझी पाळी पुरी नाय झाली, दादा. सुट्टी व्हायला टाइम व्हता आजून."

हे बारकूनं मला अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं होतं. माझ्या मते सगळा घोटाळा या दोन वाक्यांत आहे. बारकूच्या डोक्यात, आपली सावड अर्धी राहिली. रंगनाथच्या डोक्यात, माझ्या मशीनवर त्याचा हात गेला, म्हणजे आता हात माझ्यावर चढला. दोघंही स्वतःला देणेकरी समजत होते. दोघांपैकी एक जण जरी लबाड असता तरी प्रकरण महिन्याभरात मिटलं असतं.

कंपनीनं जखमी कामगाराला हलकं काम द्यायचं ठरवलं: अंबडच्या गोदामाचं गेट. तिथं रंगनाथला ओळखणारं कुणी नव्हतं, ज्ञानेशनं ती काळजी घेतली. पण हलकं काम बोटं गेलेल्यालाच मिळणार, आणि रंगनाथची दहाच्या दहा बोटं जागेवर. रंगनाथ म्हणाला, मी साहेबांकडे जातो आणि खरं काय ते सांगतो. बारकूनं त्याला अडवलं. "जमिनीच्या बदल्यात तेवढी एक नोकरी आली तुमच्या घरात," तो म्हणाला. "ती माझ्या पायी घालवू नको." मग नव्या कार्डावर बारकूचा फोटो लागला आणि खाली नाव रंगनाथचं. बारकू गेटवर जाऊ लागला आणि रंगनाथ बारकूच्या रानात.

पगार रंगनाथच्या खात्यात जायचा, कारण नोकरी त्याची. भात बारकूच्या कणगीत जायचं, कारण रान त्याचं. मी म्हटलं, अरे, निदान निम्मंनिम्मं करा. बारकू म्हणाला, सावडीत पैका नसतो. तसं बारकूच्या घरात काही अडलं तर सगुणाबाई न विचारता करायची. त्याच्या मुलीचं, संजनाचं, कॉलेज तिनंच केलं. आणि ज्याच्या घरचं काम त्यानं जेवू घालायचं, हेही दोघांनी सोडलं नाही. बारकूचा डबा रोज रंगनाथच्या घरून यायचा. रंगनाथची न्याहारी बारकूची बायको सुमनबाई रानात घेऊन जायची. बारकूनं वर्षानुवर्षं दुपारचं आपल्या बायकोच्या हातचं खाल्लं नाही. डबा उघडून तो म्हणायचा, "सगुणावयनीच्या हातची भाजी तिखट आसती." मग खायचा.

मला राग यायचा. कुणावर ते सांगता येणार नाही. रोज सकाळी बस मोगरवाडी फाट्यावरून त्याला घेऊन निघायची आणि लगेच त्याच्या खाचरांवरून जायची. तो खिडकीतून बघायचा. चिखलणी असली तर रंगनाथ ट्रॅक्टरच्या मागे उभा, आवणी असली तर वाकलेला, पीक असलं तर बांधावर. रंगनाथ बस बघून हात वर करायचा. बारकू आपला उजवा हात काचेला लावायचा, अंगठा आणि करंगळी. मी गिअर बदलायचो. पुढे वाडीवऱ्हे, विल्होळी, पाथर्डी फाटा, अंबड.

एकदा मी त्याला विचारलं, "वाईट नाही वाटत?"

त्यानं जरा विचार केला. "काय वाटायला पायजे?" त्यानं विचारलं.

त्याचा तो हात बधिर होता. उरलेल्या अंगठ्यालाही काही कळत नसे. चहाचा कढत ग्लास तो त्याच हातात धरायचा आणि आमच्या गप्पा संपेपर्यंत धरून ठेवायचा. नवीन पोरं हे बघून चमकायची. तो त्यांना हसायचा नाही, काही सांगायचाही नाही.

पण एक गोष्ट मी पाहिली होती. गोदामाच्या गेटवर आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. एकदा बस लवकर पोचली, तर बारकू एक बादली खाली घेऊन तिच्यासमोर वाकून उभा. कुंपणाजवळचं गवत उपटून त्यानं त्याची जुडी केली होती. ती उजव्या काखेत दाबलेली, आणि डाव्या हातानं तो एकेक काडी वाळूत खोवत होता. बादलीभर काड्या ओळीत उभ्या होत्या. मला पाहून त्यानं बादली टांगली.

"रिटायर झालो का आवणी मीच करनार," तो म्हणाला. "डावा हात तयार झालाय."

त्या माणसाला काही हवं होतं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. कागदावर रंगनाथ अठ्ठावन्नचा झाला की बारकू सुटणार होता. मग सावड फिटली. मग आपलं नाव, आपलं रान, आपला चिखल. मी टिंगल करणार होतो, पण केली नाही.

यंदाच्या जूनअखेर त्याचा निरोप समारंभ झाला. समारंभ सपत्नीक असतो. मोठाच प्रश्न आला, कुणाची पत्नी? सगुणाबाई म्हणाली, मी परक्या पुरुषाशेजारी खुर्चीवर बसणार नाही, फोटो निघतात. म्हणून सुमनबाई आपल्याच नवऱ्याशेजारी बसली आणि माइकवरून तिला सौ. सगुणाबाई म्हटलं गेलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. साहेब मोठे प्रेमळ होते, नवीनच आलेले. ते म्हणाले, "रंगनाथरावांनी या कंपनीला आपली जमीन दिली, आपला हातही दिला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळेच वाजवत होते. शाल, नारळ आणि साडी दिली गेली. मग बारकूला दोन शब्द बोलायला सांगितलं.

"पाळी पुरी झाली," एवढंच बोलून तो खाली बसला.

साडी त्याच दिवशी सगुणाबाईच्या घरी पोचती झाली, कारण तिच्या नावानं दिली होती. तिनं ती नेसली नाही, ट्रंकेत ठेवून दिली.

परतीच्या बसमध्ये तो शेवटचा म्हणून बसला. फाट्यावर उतरताना म्हणाला, "धनराजभाऊ, आयतवारी आवणी हे. ये. माझ्या रानात." माझ्या, असं तो माझ्यासमोर कधी म्हणाला नव्हता.

मी गेलो. भुरभुर चालू होती. मी शहराचा माणूस, छत्री घेऊन बांधावर उभा. खालच्या खाचरात गावची माणसं सावडीनं लागली होती. वरचं खाचर बारकूसाठी मोकळं ठेवलं होतं, चिखलणी करून, पाणी बेतानं ठेवून. ते रंगनाथनं केलं होतं. रोपांच्या जुड्याही त्यानंच ओळीनं टाकून ठेवल्या होत्या. मग तो बाहेर आला, पाय धुतले, पायजमा खाली सोडला आणि माझ्याशेजारी येऊन बसला.

"आजपून तुझं तू," त्यानं बारकूला सांगितलं. "माझा हात फिटला का?"

"फिटला," बारकू म्हणाला. "माझा?"

"तुझा कव्हाच फिटलाय."

एवढंच बोलणं झालं. रंगनाथ बांधावर बसला खरा, पण हातांचं काय करावं ते त्याला कळेना. त्यानं ते मांडीवर ठेवले, मग काखेत घातले, मग एक गवताची काडी तोडली. म्हातारा झाला होता तो. जायला त्याला दुसरं रान नव्हतं, हे मी जाणून होतो आणि बारकूही जाणून होता. त्या दिवसानंतर रंगनाथनं कुठं जायचं, हे त्या दोघांनी कधी बोलूनच घेतलं नव्हतं.

बारकू खाचरात उतरला. पोटरीपर्यंत चिखल. काही क्षण नुसता उभा राहिला. मग जुडी उजव्या काखेत दाबली, वाकला, आणि डाव्या हातानं चार काड्या ओढून खोवल्या. त्या राहिल्या. पुढच्या चार राहिल्या. तिसऱ्या वेळी काखेतली जुडी सुटून पाण्यात पडली. त्यानं ती उचलली. गेटवरच्या बादलीत पाणी नव्हतं, वाळू धरून ठेवत होती. इथं चिखल मऊ होता आणि किती खोल गेलं ते बोटांना कळावं लागतं. डाव्या बोटांना ते कधी शिकवलेलं नव्हतं. मागे बघतो तर पहिल्या ओळीतल्या काड्या पाण्यावर तरंगत होत्या. तो परत मागे आला आणि त्या पुन्हा लावल्या. त्याचं एक ओंजळभर रान होईतो खालच्या बायकांनी अर्धं खाचर उरकलं. कुणी वर पाहिलं नाही. गाव अशा वेळी फार शहाण्यासारखं वागतं.

रंगनाथ उठला. न बोलता पायजमा वर खोचला, बारकूच्या मागून चिखलात शिरला आणि तरंगलेली रोपं उचलून लावायला लागला. बारकूनं त्याला पाहिलं. थोडा वेळ दोघं मागेपुढे वाकून होते. मग बारकूनं हातातली जुडी रंगनाथच्या पुढ्यात टाकली आणि बांधावर येऊन माझ्याशेजारी बसला.

"जमेल हळूहळू," मी म्हटलं. कुणीही म्हणेल तेच.

"त्ये नाय," तो म्हणाला. पायांवरचा चिखल तो पाहत होता. "हात नाय चालला त्ये ठीक हे. मला वाटलं व्हतं, पाय घातला का कायतरी वाटंल. लय वर्षं तेवढंच डोक्यात धरलं व्हतं. कायच नाय वाटलं, भाऊ. गेटवर उभं राह्यल्यावानी वाटलं."

मला त्या वेळी खरोखर वाईट वाटलं. चेहेडीच्या इमारतीसमोर जे कधी वाटलं नाही, ते तिथं, दुसऱ्याच्या बांधावर, छत्रीखाली वाटलं.

सुमनबाई भाकऱ्यांची पाटी घेऊन आली. माणसं हात धुऊन गोल बसली. तिनं वाढायला घेतलं आणि पहिली भाकरी बारकूच्या हातात दिली. मग मला, मग बायकांना. रंगनाथ लांब उभा होता, सगळ्यांना पोचलं का ते पाहत. कुणाला कांदा, कुणाला पाणी देत होता. सगळे जेवले की मग तो बसणार होता, रोजच्यासारखा. सुमनबाईच्या मनात काही नव्हतं. वर्षानुवर्षं ती रानात अशीच वाढत आली होती, आधी आलेल्यांना आणि शेवटी रानवाल्याला. तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिचा हात पाटीत थांबला. बारकू भाकरी मोडत म्हणाला, "ऱ्हाऊ दे. बरोबर हे." आणि खायला लागला.

सोमवारी सकाळी मी मोगरवाडी फाट्यावर सवयीनं ब्रेक दाबला. तो उभा होता, निळ्या शर्टात, हातात डबा. डबा कुणाच्या घरचा ते मी विचारलं नाही. "चला," मी म्हटलं. तो चढला. त्याच्या सीटवर घोटीहून चढणारी ट्रेनी मुलगी बसली होती, महिन्याभरापूर्वीच लागलेली. ती सरकली आणि त्याला खिडकी दिली. त्याला आता कार्ड नव्हतं, अंबडला गेटच्या आत त्याला कुणी घेणार नव्हतं. समोरच्या टपरीवर तो दिवसभर बसला आणि संध्याकाळी माझ्या बसनं परत आला. तेव्हापासून रोज येतो. ठेकेदारानं अजून काही विचारलेलं नाही.

त्या सोमवारी बस खाचरांवरून गेली तेव्हा पाऊस थांबला होता. वरचं खाचर निम्मंअधिक हिरवं झालं होतं. रंगनाथनं कंबर सरळ करून बसकडे हात वर केला. बारकूनं काचेला हात लावला.

"काका, तुमच्या ओळखीचे आहेत का?" मुलीनं विचारलं. "कुणाचं शेत आहे?"

"बारकूचं," तो म्हणाला.

"कोण बारकू?"

"हा काय, आवणी करतोय तो," तो म्हणाला, आणि खाचर मागे जाईपर्यंत बघत राहिला. "चांगला मानूस हे."

मी गिअर बदलला. पुढे वाडीवऱ्ह्याला माणसं घ्यायची होती.